अनुभव धागा: मिल, कापसाचं जिनिंग, कारखाना बंद पडला तेव्हा तुमच्या घरात काय झालं?

काल रात्री परत 'लालबाग परळ' सिनेमा पाहिला. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागं मुंबईतले अडीच लाखाच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, तो संप रीतसर मागं घेतलाच गेला नाही, आणि सिनेमात अशाच एका कामगाराच्या घरातला नरू गँगमध्ये जातो. गोळीबारापेक्षा मला त्या घरातली भांडणं जास्त लागली, झोपच नाही आली. आपल्याकडंबी हे झालंय. जेवढं सांगवंल तेवढं सांगा.

गोदाकाठ: वडील मिलमध्ये साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर होते. मिल बंद झाली तरी दोन वर्षं पहाटे उठायचे, डबा भरून घ्यायचे अन् बंद गेटसमोरच्या टपरीवर बसून यायचे. घरात मिलचा एक धोटा होता, मागावर आडवा धागा नेणारा, लाकडी, दोन्ही टोकाला लोखंडी टोपण, आम्ही लहानपणी त्याची होडी करायचो. त्याच धोट्यानं त्यांनी मायला मारलं, वरणात मीठ कमी झालं म्हणून. मोठा भाऊ तेव्हा अकरावीत. त्यानं धोटा हिसकून घेतला अन् बापाच्या खांद्यावर घातला, हाड मोडलं. त्या रात्री तो घराबाहेर गेला तो वाळूवाल्यांच्या टोळीतच गेला, वसुलीला, पुढं ३०७, खुनाच्या प्रयत्नाचं कलम, लागलं. शेजारचे म्हणायले पोरगं वाया गेलं. मला आजबी वाटतं त्यानं मायला वाचवलं.

जालन्याची लेक: आमचं जिनिंगमधलं. पप्पांनी हात नाही उचलला कधी, पण सावकार दारात येऊन आईला नको ते बोलला अन् पप्पा खाली मान घालून बसले. ती खाली घातलेली मान मला मारापेक्षा जास्त आठवते.

बालाघाटी: साखर कारखाना बंद, काकाचा पगार थकला, मग बांधावरून काका अन् आबा. कुऱ्हाडीपर्यंत गेलं. आबा वाचले. जास्त नाही लिहीत.

धागाकर्ता: गोदाकाठ, भावाशी बोलणं आहे का?

गोदाकाठ: हाव. जामिनावर सुटला, आता चाकणला ठेकेदाराकडं आहे. दर रविवारी मायला फोन करतो, अर्धा अर्धा तास बोलतेत दोघं. वडील मागच्या वर्षी गेले, त्याला कळवलं तर म्हणला पैसे पाठवतो, येत नाही. पैसे आले. मायनं त्यातलं काहीच खर्चलं नाही, तसेच बांधून ठेवलेत, म्हणती आला की देईन.