मदत हवी आहे: ट्रॉलीच्या मागच्या एक्सलचा स्पिंडल (चाक ज्यावर फिरते ते टोक) जळाला आहे, जागेवरच दुरुस्त करावा की एक्सल बदलावा?

नमस्कार.

माझा दोन ट्रेलरचा छोटा व्यवसाय आहे. त्यांपैकी तीन एक्सलची ट्रॉली सोलापूर जिल्ह्यातून निर्यातीच्या साखरेचा कंटेनर घेऊन न्हावा शेवा बंदराकडे निघाली असताना टेंभुर्णीच्या अलीकडे, मागच्या एक्सलच्या क्लीनर बाजूचे (डावे) चाक जाम झाल्यामुळे थांबली. कंटेनर सीलबंद असल्याने माल उतरवून घेता येत नव्हता, म्हणून क्रेन मागवून कंटेनरच दुसऱ्या ट्रॉलीवर चढवला आणि तो बंदरावर वेळेत पोहोचला. रिकामी ट्रॉली मात्र गेले तीन दिवस महामार्गालगतच्या एका मोकळ्या जागेत लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे. माझा चालक तिच्याजवळच झोपतो आहे, आणि त्याला आणखी किती दिवस तिथे ठेवायचे हा प्रश्न मला भाड्याच्या नुकसानीपेक्षा जास्त सतावतो आहे.

हब (चाकाचा मधला भाग, जो बेअरिंगवर स्पिंडलभोवती फिरतो) उघडल्यावर जे दिसले ते सविस्तर सांगतो. ग्रीस जळून काळी खपली झाली होती आणि आतल्या बेअरिंगचे रोलर चपटे होऊन पिंजऱ्यासकट एका बाजूला सरकले होते. या एक्सलला आत ३३११८ आणि बाहेर ३३२१३ क्रमांकाची बेअरिंग येतात, म्हणजे स्पिंडलवरची आतली बैठक ९० मिलिमीटरची आणि बाहेरची ६५ मिलिमीटरची आहे. आतल्या बेअरिंगची रेस (स्पिंडलवर बसणारी कडी) स्पिंडलवर फिरून अक्षरशः चिकटली होती. ती ग्राइंडरने चिरून छिन्नीने काढावी लागली. काढल्यानंतर त्या बैठकीवर नख अडकेल इतके खोल चरे दिसले. मिस्त्रींनी मायक्रोमीटर लावला तेव्हा सर्वांत झिजलेल्या ठिकाणी ८८.७ मिलिमीटर भरले. बाहेरची बैठक ठीक आहे, मात्र नटाच्या आट्यांपैकी शेवटचे तीन आटे दबले आहेत. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती रंगाची, कारण बैठकीपासून आत एक्सलच्या नळीकडे सुमारे तीन बोटे रुंदीचा पट्टा निळा-जांभळा पडला आहे.

आतापर्यंत मला तीन सल्ले मिळाले आहेत. पहिल्या कारागिराच्या मते झिजलेल्या जागी वेल्डिंगचा थर चढवून, स्पिंडलवरच बसणाऱ्या हातलेथने तो पुन्हा ९० मिलिमीटरवर उतरवता येईल आणि गाडी एका दिवसात चालू होईल. दुसरे म्हणतात की जळालेला भाग कापून टाकावा आणि नवा स्टब (स्पिंडलचा नवा तुकडा) जागेवरच नळीला वेल्ड करावा. त्यासाठी लागणारे जनरेटर, कटर आणि सरळ रेषा तपासण्याचा दांडा घेऊन ते स्वतः येतील. तिसरा सल्ला पूर्ण एक्सल बदलण्याचा आहे, ज्यात खर्च सर्वांत जास्त आहे आणि एक्सल पनवेलहून यायला वेळ लागेल.

जाणकारांना माझे विचारणे असे आहे. पोलादाचा रंग इतका बदलला असेल तर त्या स्पिंडलवर थर चढवणे कितपत सुरक्षित आहे? नवा स्टब वेल्ड करून घ्यायचा झाल्यास काम बरोबर झाले की नाही हे माझ्यासारख्या मालकाने कशावरून ओळखावे? आणि मुळात असे का झाले असावे? दोनच महिन्यांपूर्वी ब्रेक लायनर बदलताना सहाही हबमध्ये नवे ग्रीस भरले होते. हबचा नट तेव्हा लांब पाइप लावून पूर्ण ताकदीने आवळला होता, असे चालकाने मला आता सांगितले.

चाक निखळून मागून येणाऱ्या दुचाकीवर गेले तर काय होईल, या विचाराने मला झोप लागत नाही. त्यामुळे स्वस्त उपायापेक्षा खात्रीचा उपाय सुचवावा, ही विनंती.

प्रतिसाद

नमस्कार. जड वाहनांच्या एक्सलचे काम मी बरीच वर्षे करतो आहे आणि जागेवर स्टब बदलण्याची कामेही केली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

थर चढवण्याचा पहिला पर्याय कृपया सोडून द्या. बैठकीचे माप परत आणणे अवघड नाही, पण तुमचा प्रश्न मापाचा नाही. स्पिंडलचे पोलाद उष्णता-प्रक्रिया केलेले असते आणि निळा-जांभळा रंग म्हणजे ते साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापून गेले आहे. रेस जिथे चिकटली तिथे तर तापमान याहून कितीतरी जास्त गेले असणार. अशा धातूवर पुन्हा वेल्डिंगची उष्णता दिली की थराच्या कडेला कठीण, ठिसूळ पट्टा तयार होतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. वरून बैठक आरशासारखी चकचकीत दिसेल, पण आतले काही दिसणार नाही.

त्या ठिकाणी किती जोर येतो तेही लक्षात घ्या. जुलै २०१८ मध्ये तीन एक्सलच्या गटाची कायदेशीर मर्यादा २४ टनांवरून २७ टन झाली. म्हणजे भार सारखा वाटला गेला तरी एका स्पिंडलवर साडेचार टन येतात. हा उभा भार दोन बेअरिंगच्या मधून येत असल्याने सरळ रस्त्यावर स्पिंडलच्या मुळाशी फार वाक येत नाही. खरी परीक्षा वळणावर होते. तीन एक्सलची ट्रॉली वळते तेव्हा मागचे टायर रस्त्यावर आडवे घासत जातात आणि तो आडवा जोर टायरच्या त्रिज्येइतक्या लांबीच्या तरफेने थेट स्पिंडलच्या मुळाला वाकवतो. पेट्रोल पंपावर गाडी आखूड वळवताना टायर कसे तिरके होतात ते पाहिले असेल, तर मी काय म्हणतो ते कळेल.

स्टब बदलण्याचे काम नीट केले तर टिकते. मात्र आधी एक्सल बनवणाऱ्या कंपनीची सूचनापुस्तिका पाहा. अनेक उत्पादक स्पिंडलवर कोणतेही वेल्डिंग करू नये असे स्पष्ट लिहितात, आणि तुमच्या एक्सलबाबत तसे लिहिले असेल तर हा विषय तिथेच संपतो. तशी मनाई नसेल, तर येणाऱ्या कारागिराला कामाला हात लावण्याआधीच काही गोष्टी विचारा. नवा स्टब नळीच्या आत घट्ट बसणारा टप्पा ठेवून लेथवर तयार केलेला आहे का? तो नुसता टोकाला टोक लावून जोडणार असतील तर काम देऊ नका. समोरच्या चांगल्या स्पिंडलवरून रेषा घेऊनच नवा स्टब सरळ करतात का? वेल्डिंगपूर्वी जोड १५० ते २०० अंशांपर्यंत तापवतात का, आणि ते तापमान दाखवणाऱ्या खास खडूने मोजतात की अंदाजाने ठरवतात? ७०१८ क्रमांकाची वेल्डिंग कांडी भट्टीत वाळवलेली असावी, कारण पाकीट फोडून ओल्या हवेत ठेवलेल्या कांडीमुळे जोडात हायड्रोजन शिरतो आणि तडा दुसऱ्या दिवशी पडतो. वेल्डिंग एका दमात गोल फिरवत नेले तर स्टब एका बाजूला ओढला जातो. म्हणून समोरासमोरच्या जागी थोडे थोडे भरत जावे आणि शेवटी जोड काचलोकरीत गुंडाळून सावकाश थंड होऊ द्यावा. घाईने पाणी मारणारा कारागीर दिसला तर त्याला तिथेच थांबवा. वेल्डिंगची अर्थ जोडणी कामाच्या अगदी जवळ असावी, नाहीतर करंट इतर चाकांच्या बेअरिंगमधून जाऊन रोलरवर खड्डे पडतात. एबीएसच्या तारा आधीच सोडवून ठेवा.

आता कारणाबद्दल. तुमच्या चालकाने सांगितले तेच कारण आहे असे मला वाटते. टेपर रोलर बेअरिंग आवळून ठेवायचे नसते. हब फिरवत फिरवत नट आवळून बेअरिंग बसवायचे, मग नट सैल करून डायल गेजने (सूक्ष्म हालचाल मोजणाऱ्या घड्याळी मापकाने) ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर इतकी मोकळीक ठेवायची. ही मोकळीक कागदाच्या जाडीएवढी असते, पण ती नसेल तर कितीही चांगले ग्रीस भरले तरी ते जळते. म्हणूनच उरलेले पाचही हब उघडल्याशिवाय ट्रॉली रस्त्यावर आणू नका.

निर्णयापूर्वी एक काम करा. निळ्या पट्ट्यावर तडा तपासणीचा लाल रंग फवारा, पुसून घ्या आणि वर पांढरा डेव्हलपर मारा. किटचा खर्च किरकोळ आहे, काम अर्ध्या तासाचे आहे, आणि उत्तर डोळ्यांना दिसते.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आज सकाळी अकलूजहून किट आणून तपासणी केली. पांढऱ्या थरावर आतल्या बैठकीच्या खांद्यालगत केसाएवढी लाल रेघ उमटली आणि ती परिघाच्या जवळपास चौथ्या हिश्शापर्यंत गेली. ती रेघ थेट नळीच्या जोडाकडे वळलेली असल्याने स्टब नेमका कुठून कापावा याची खात्री दुसरे कारागीरही देऊ शकले नाहीत. हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. त्यामुळे पूर्ण एक्सलची मागणी नोंदवली आहे. सोबत एक्सल कमानपाट्यांना बांधणारे नवे यू बोल्टही घेत आहे, कारण एकदा ताणले गेलेले बोल्ट पुन्हा वापरू नयेत असे एक्सल विक्रेत्याने सांगितले.

वाट पाहण्याच्या वेळात उरलेले हब उघडले. मधल्या एक्सलच्या ड्रायव्हर बाजूचे हब हाताने फिरवता येईना. तिथले ग्रीस तपकिरी झाले होते, पण रेस अजून मोकळी होती. बाकीचे चार हब ठीक निघाले. पाचही नट आता डायल गेज लावून बसवले आहेत. त्या वेळी चालक शेजारी बसून प्रत्येक आकडा वहीत लिहून घेत होता.

एक शंका उरली आहे. नवा एक्सल बसवल्यावर किंगपिनपासून (ट्रॉली पुढच्या गाडीला जोडणाऱ्या खुंटीपासून) पहिल्या एक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतचे अंतर मोजायचे आणि तिथून मागचे एक्सल जुळवायचे हे मला ठाऊक आहे. मात्र मोकळ्या, उंचसखल जमिनीवर हे मोजमाप विश्वासार्ह येईल का, की ट्रॉली आधी सपाट काँक्रीटवर न्यावी?

प्रतिसाद

सपाट काँक्रीटवरच न्या. रिकामी ट्रॉली तेवढे अंतर सावकाश चालवायला हरकत नाही. किंगपिनपासून दोन्ही बाजूंच्या अंतरात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नसावा, आणि पहिल्या एक्सलपासून मागच्या एक्सलपर्यंत दोन्ही बाजूंनी मोजताना दीड मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा. फीत झोळ खाते, म्हणून किंगपिनखाली ओळंबा सोडून पोलादी फीत दोघांनी ताणून धरा. पहिल्या ५० किलोमीटरनंतर थांबून सहाही हबना हात लावून पाहा आणि यू बोल्ट पुन्हा आवळा.