डिस्टेंपर विषाणूचा, मग पिल्लाला अँटिबायोटिक कशाला?

प्रश्न: पाच महिन्यांचं गावठी कुत्र्याचं पिल्लू, वजन ६ किलो, डिस्टेंपर (कुत्र्यांना होणारा विषाणूजन्य आजार) पॉझिटिव्ह. आधी नाकातून पाणी गळायचं, आता पिवळा-हिरवा घट्ट शेंबूड. ताप १०४, झोपेतही श्वास मिनिटाला ५०. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलंय. विषाणूवर ते चालतं का? सोबत कफ सिरप देऊ का?

प्रतिसाद १: विषाणूवर नाही चालत, ते छातीत नंतर शिरलेल्या जिवाणूंसाठी आहे. डिस्टेंपर पांढऱ्या पेशी मारतो आणि श्वासनलिकेतला कफ वर ढकलणारी सूक्ष्म लव उद्ध्वस्त करतो. मग बोर्डेटेला, ई. कोलाय, क्लेबसिएला या जिवाणूंना रान मोकळं. बोर्डेटेला इतका हमखास सापडायचा, की १९१० च्या सुमारास काहींनी त्यालाच डिस्टेंपरचं मूळ ठरवलं होतं, फ्रेंच संशोधक कारे यांनी १९०५ मध्येच विषाणू दाखवलेला असूनही!

डोस साधारण किलोला ५ मिग्रॅ, दर १२ तासांनी. म्हणजे याला ३० मिग्रॅ. गोळी कोरडी ढकलू नका, अन्ननलिकेत अडकली तर व्रण पडतो. ओल्या खाण्याच्या गोळ्यात घालून द्या, दुधातून नको. कफ सिरप अजिबात नको: लव गेल्यावर कफ बाहेर काढायला खोकलाच उरतो, तो दाबला की सगळं फुफ्फुसात साचतं. माणसांची पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेनही देऊ नका.

प्रतिसाद २: औषधाइतकंच काम वाफाऱ्याचं. नेब्युलायझरमध्ये ०.९ टक्के सलाईन (नळाचं पाणी नव्हे), १०-१५ मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. मास्कला पिल्लू झटापट करत असेल तर पिंजऱ्यावर चादर टाकून नळी आत सोडा, एक बाजू उघडी ठेवा. लगेच तळहाताची पोकळ वाटी करून फासळ्यांवर मागून पुढे हलकं थापटा, दोन्ही बाजूंनी, पाचेक मिनिटं. आवाज ‘पुक्‌ पुक्‌’ यायला हवा. ‘चट्‌’ आला तर तळवा सपाट पडतोय. मग चार पावलं चालवा. हे सगळं जेवणाआधी. अंगात पाणी कमी असेल तर कफ चिकटून बसतो, म्हणून सलाईन लावायचं का, ते डॉक्टरांना विचारा.

प्रतिसाद ३: सिरिंजने जबरदस्तीने भरवू नका. जबडा थरथरत असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काहीच नको, घास थेट फुफ्फुसात जातो. तीन दिवसांत ताप उतरला नाही तर श्वासनलिकेतला नमुना घेऊन कल्चर (जिवाणू वाढवून ओळखण्याची तपासणी) करायला सांगा. नाकाच्या स्वॅबवर विसंबू नका, तिथे एरवीही जिवाणू असतात. हिरड्या निळसर दिसल्या किंवा मान ताणून श्वास घेऊ लागलं, तर थेट ऑक्सिजन असलेला दवाखाना गाठा, रात्र असली तरी.