अतिनील प्रकाशाने केशनलिकेत मोनोलिथ स्तंभ तयार करण्याबाबत सल्ला हवा आहे

प्रश्नकर्ती:
नमस्कार. प्रथिनांच्या विलगीकरणासाठी मी 100 मायक्रोमीटर आंतरव्यासाच्या फ्युज्ड सिलिका केशनलिकेत ब्यूटिल मेथाक्रिलेट आणि इथिलिन डायमेथाक्रिलेट यांचे सच्छिद्र मोनोलिथ (नलिका भरून टाकणारा पॉलिमरचा एकसंध, सच्छिद्र दांडा) तयार करते. आजवर एआयबीएन हा उष्णतेने पॉलिमर बनणे सुरू करणारा आरंभक घालून 60 अंश सेल्सिअसला 24 तास ठेवत असे. आता शोधकासमोरचा (नलिकेतून जाणारी प्रथिने ओळखणाऱ्या उपकरणासमोरचा) भाग मोकळा ठेवायचा असल्याने प्रकाशाची पद्धत हवी आहे. या पद्धतीने करून पाहिलेल्या चारपैकी दोन नलिकांत मिश्रण द्रवच राहिले. उरलेल्या दोन नलिकांवरचे तपकिरी आवरण ज्योतीवर जाळून टाकले, तेव्हा पॉलिमर तयार झाला, पण पंप सुरू करताच तो दोऱ्यासारखा बाहेर आला. मिश्रणाचे प्रमाण बदलावे का?

प्रतिसाद 1:
प्रमाणाला एवढ्यात हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तपकिरी आवरण पॉलीइमाइडचे असते आणि ते अतिनील प्रकाश शोषून घेते, त्यामुळे पहिल्या दोन नलिकांत प्रकाश पोहोचलाच नाही. एक गोष्ट कृपया सांगावी: आवरण आपण सिलेनच्या प्रक्रियेआधी (म्हणजे पॉलिमर धरून ठेवणारे मेथाक्रिलेट गट आतल्या भिंतीवर बसवण्याआधी) जाळले की नंतर?

प्रश्नकर्ती:
नंतर. सिलेन लावलेल्या नलिका आधीच तयार होत्या.

प्रतिसाद 1:
मग कारण तेच आहे. पॉलिमरला भिंतीशी बांधून ठेवणारे मेथाक्रिलेट गट ज्योतीच्या उष्णतेने नष्ट झाले. शिवाय आवरण गेलेली नलिका इतकी ठिसूळ होते की जोडणी घट्ट करतानाच तुटते. टेफ्लॉनचे आवरण असलेली, अतिनील प्रकाश आत जाऊ देणारी केशनलिका घ्यावी. ती महाग पडते, पण येथे काटकसर करू नये. नलिका 0.2 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, पाणी, 0.2 मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, पुन्हा पाणी आणि शेवटी इथेनॉल या क्रमाने धुवावी. नंतर 95 टक्के इथेनॉलमध्ये, ॲसेटिक आम्लाने सामू 5 करून, ट्रायमेथॉक्सिसिलिलप्रोपिल मेथाक्रिलेटचे 20 टक्के द्रावण तासभर संथपणे वाहू द्यावे, नलिका धुऊन नायट्रोजनने कोरडी करावी आणि एक दिवस तशीच ठेवावी. मिश्रणासाठी वजनाने 24 टक्के ब्यूटिल मेथाक्रिलेट, 16 टक्के इथिलिन डायमेथाक्रिलेट, 34 टक्के 1-डेकॅनॉल आणि 26 टक्के सायक्लोहेक्झॅनॉल घ्यावे, तर डायमेथॉक्सि-फिनाइलअ‍ॅसिटोफेनोन हा आरंभक मोनोमरांच्या 1 टक्का असावा. विकतच्या मोनोमरांत ते आपोआप पॉलिमर होऊ नयेत म्हणून घातलेला अवरोधक क्षारीय ॲल्युमिनाच्या थरातून गाळून काढावा. भरण्यापूर्वी मिश्रणातून 10 मिनिटे नायट्रोजन सोडावा, कारण विरघळलेला ऑक्सिजन पॉलिमर वाढवणाऱ्या मुक्त मूलकांना गिळून टाकतो.

प्रतिसाद 2:
दिव्याविषयी थोडे. नळीच्या आकाराचे 254 नॅनोमीटरचे दिवे नलिकेला समांतर ठेवावेत, म्हणजे संपूर्ण लांबीवर प्रकाश सारखा पडतो. शोधकासमोरचा भाग काळ्या चिकटपट्टीने झाकावा. पेटी तापत असेल तर पंखा लावावा, कारण तापमान बदलले की छिद्रांचा आकारही बदलतो. स्टायरीन आणि डायव्हिनाइलबेंझीन स्वतःच हा प्रकाश शोषतात, म्हणून ते मोनोमर या पद्धतीसाठी निवडू नयेत. डोळ्यांवर अतिनील-रोधक चष्मा आणि हातांत हातमोजे हवेतच.

प्रश्नकर्ती (काही आठवड्यांनी):
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. आता मोनोलिथ भिंतीला धरून राहतो. परंतु ॲसिटोनायट्राइलने धुताना दाब फार चढतो.

प्रतिसाद 1:
आता प्रमाण बदलण्याची वेळ आली आहे. छिद्रकारी द्रावकांची बेरीज 60 टक्केच ठेवून डेकॅनॉल एकेका टक्क्याने वाढवावे आणि तेवढेच सायक्लोहेक्झॅनॉल कमी करावे; त्याने पॉलिमर द्रावणातून लवकर वेगळा होऊन छिद्रे मोठी होतात. प्रत्येक स्तंभावर प्रवाह आणि दाब यांचा आलेख काढावा. रेषा सरळ असेल तर रचना दबत नाही; ती वर वळू लागली तर त्या प्रवाहाच्या पुढे जाऊ नये. प्रथिनांसाठी थोडी मोठी छिद्रे चालतात, तेव्हा या बदलाने आपल्या विलगीकरणाचे फारसे नुकसान होऊ नये.