विद्यार्थ्यांना धंदा काढावासा वाटतो, तो संस्कृतीमुळे की परिस्थितीमुळे?

कंदील:
विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना उद्योजक व्हायचंय का, हे 'गेस' नावाचं जागतिक सर्वेक्षण 2003 पासून तपासतंय. 2018 मध्ये 54 देशांतले दोन लाखांहून जास्त विद्यार्थी त्यात होते. शिक्षण संपताच धंद्यात उतरू म्हणणारे 9 टक्के, पाच वर्षांनी उतरू म्हणणारे जवळपास 35 टक्के. विकसनशील देशांत ही इच्छा जास्त दिसली. मग लगेच 'तिकडची संस्कृतीच धाडसी' असं बोललं जातं, त्याला माझा ठाम विरोध आहे. जिथे पदवी घेऊनही धड नोकरीची शाश्वती नाही, तिथला मुलगा किंवा मुलगी धंद्याचा विचार करणारच. त्यांच्या नाइलाजाला धाडसाचं लेबल लावू नका.

पायवाट:
सगळा नाइलाज कसा असेल? 2012 मध्ये जर्मनी, भारत, इराण, पोलंड, स्पेन आणि नेदरलँड्समधल्या विद्यार्थ्यांचा एकत्र अभ्यास झाला. धंद्याबद्दलची ओढ आणि 'मला हे जमेल' हा विश्वास, या दोन गोष्टी सहाही देशांत इच्छेशी जोडलेल्या निघाल्या. पण जवळच्या माणसांना काय वाटेल, याचं वजन देशागणिक बदललं. संस्कृती म्हणतात ती हीच.

कंदील:
त्याच अभ्यासात जवळच्या माणसांच्या मताचा प्रभाव तिन्हींत सगळ्यात कमी होता, तेही सांगा ना.

पायवाट:
कमी होता, मान्य. पण 'मला जमेल' हा विश्वास येतो कुठून? ज्या घरात कुणी दुकानही चालवलेलं नाही, तिथे लहानपणापासून कानावर पडतं ते 'आपल्याला नाही जमणार' हेच. प्रश्नावलीत ते आत्मविश्वासाच्या रकान्यात जातं, म्हणून घराचा वाटा छोटा दिसतो. हा माझा तर्क आहे, पण मला तो पक्का वाटतो.

रानवारा:
मुळात नुसत्या इच्छेला इतकं महत्त्व का द्यायचं? 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात उद्योजकतेचा अभ्यासक्रम केल्यावर विद्यार्थ्यांची धंद्याची इच्छा कमी झाली होती. मला तर यात चांगलंच दिसतं. जोखीम कळल्यावर जो मागे सरला, त्याचे पैसे आणि वर्षं वाचली. इच्छेचे आकडे फुगवणं हे विद्यापीठाचं काम नाही.

कंदील:
जोखीम तरी सगळीकडे सारखी कुठे असते? युरोपीय संघाने 2019 मध्ये निर्देश काढला, की प्रामाणिकपणे धंदा करून दिवाळखोर झालेल्याला तीन वर्षांत कर्जातून मोकळं होता आलं पाहिजे. अशा ठिकाणी बुडण्याची भीती कायद्यानेच कमी होते. आपण मात्र त्या भीतीलाही संस्कृती म्हणून मोकळे होतो.

पायवाट:
कायदा कर्ज माफ करेल. 'पोरानं घर बुडवलं' हे नातेवाईक वर्षानुवर्षं बोलत राहतात, त्यावर कुठला निर्देश आहे? घरातल्या पहिल्याच पदवीधराला हे आधी आठवतं, कर्ज नंतर. त्याला विद्यापीठाने अभ्यासक्रमापेक्षा एकदा बुडून पुन्हा उभा राहिलेला माणूस भेटवावा.