मोठा रिस्पॉन्स (सर्व्हरचे उत्तर) आधी पूर्ण स्ट्रिंगमध्ये (अक्षरांच्या माळेत) बांधावा का?

धागाकर्ता: जावा सर्व्हरवर अख्खी यादी आधी स्ट्रिंगबिल्डरमध्ये (तुकडे जोडून स्ट्रिंग बनवणाऱ्या साधनात) जमवायची आणि मग एकगठ्ठा पाठवायची, ही पद्धत मोठ्या याद्यांसाठी बंद करावी, असे माझे ठाम मत आहे. जावा ९ पासून (२०१७) सगळी अक्षरे लॅटिन-१ या पश्चिम युरोपीय अक्षरसंचातली असली तर स्ट्रिंग प्रत्येक अक्षरासाठी एकच बाइट वापरते. पण इंग्रजी जेसनमध्ये (मजकूररूपी डेटा-मांडणीत) एका ग्राहकाचे नाव जरी देवनागरीत आले, तरी ती संपूर्ण स्ट्रिंग दोन बाइटांवर जाते. शंभर अक्षरांच्या दहा हजार ओळी धरल्या, तर १० लाख बाइटांचे २० लाख होतात. शिवाय बिल्डरची जागा संपली की सुमारे दुप्पट आकाराचा नवा ॲरे (सलग मेमरीचा तुकडा) घेतला जातो, बिल्डरमधून स्ट्रिंग काढणारी टूस्ट्रिंग आणखी एक प्रत काढते आणि यूटीएफ-८ या बाइट-स्वरूपात बदलताना पुन्हा एक. त्यापेक्षा प्रत्येक ओळ तयार होताच थेट रायटरमध्ये (रिस्पॉन्समध्ये मजकूर लिहिणाऱ्या साधनात) लिहावी.

प्रतिसाद १ (असहमत): मेमरीचा हिशोब मान्य आहे, पण पाच हजाराव्या ओळीला डेटाबेसची क्वेरी फसली तर काय करणार? रिस्पॉन्स एकदा कमिट झाला (पाठवायला सुरुवात झाली) की यश-अपयश सांगणारा स्टेटस कोड बदलता येत नाही, त्यामुळे क्लायंटच्या (विनंती करणाऱ्या प्रोग्रामच्या) हाती २०० हा ‘यशस्वी’ कोड आणि अर्धवट जेसन पडतो. क्लायंटचे नेटवर्क संथ असेल तर डेटाबेसची जोडणीही तितका वेळ अडकून राहते, आणि अशा जोडण्यांचा पूल (साठा) रिकामा झाला की इतर सर्वांचीच कामे खोळंबतात.

धागाकर्ता: चंक्ड पद्धतीत (उत्तर तुकड्या-तुकड्यांनी पाठवताना) शेवटचा शून्य लांबीचा चंक न पाठवता जोडणी तोडली, तर रिस्पॉन्स अपुरा असल्याचे क्लायंटला कळते. उलट जी-वन कलेक्टरमध्ये (जावाच्या मेमरी-सफाई यंत्रणेत) रीजनच्या, म्हणजे मेमरीच्या एका समान भागाच्या, निम्म्याहून मोठा ॲरे थेट ओल्ड जनरेशनमध्ये (दीर्घकाळ टिकणाऱ्या वस्तूंच्या जागेत) जातो. रीजन १ एमबीचा असेल तर आपला २० लाख बाइटांचा ॲरे तिथेच जाणार, आणि असे ॲरे प्रत्येक विनंतीमागे तयार होणार.

प्रतिसाद २: थेट लिहायचे असेल तर रायटरला यूटीएफ-८ स्पष्टपणे सांगा. जावा १७ पर्यंत मूळ (काहीच न सांगितल्यास लागू होणारे) एन्कोडिंग सर्व्हरच्या लोकेलवर (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर) ठरत असे. जावा १८ मध्ये (२०२२) यूटीएफ-८ हेच मूळ झाले.

प्रतिसाद १: अपुरेपणा कळला, तरी चूक काय होती हे क्लायंटला कळत नाही, आणि मला तेच महत्त्वाचे वाटते. यादी पाचशे-पाचशे ओळींच्या पानांत द्या आणि बिल्डरला सुरुवातीलाच अंदाजे आकार द्या, कारण एरवी तो अवघ्या १६ अक्षरांपासून वाढू लागतो. फाइल एक्सपोर्टसाठी मात्र तुमची पद्धत मी वापरेन.