मदत हवी आहे: २०२५-२६ साठी प्रीमियर लीगमध्ये वर आलेला क्लब टिकेल का? शुक्रवारपर्यंत सांगा

लालपांढरेपट्टे:
मित्रांमध्ये अंदाजांची स्पर्धा आहे. इंग्लिश फुटबॉलच्या प्रीमियर लीगमधल्या वीसही क्लबांचा शेवटचा क्रम लिहून द्यायचाय. बाकीचे लावून झाले, आमच्या क्लबला कुठे घुसवू तेच कळेना. दोन दिवस पंधरावा लिहितोय नि खोडतोय. गेले दोन मोसम खालच्या श्रेणीतून वर आलेले तिन्ही क्लब परत खाली गेले हे मला माहीत आहे, ते सांगू नका.

मधलीफळी:
क्लब कोणता ते लिहा की! आयडीवरून शेफील्ड युनायटेड वाटलं, पण ते तर वर यायच्या शेवटच्या जागेसाठीची प्ले-ऑफ फायनल हरले ना?

लालपांढरेपट्टे:
संडरलँड! शेफील्डला आम्हीच हरवलं, २-१. टॉमी वॉटसनचा गोल, भरपाई वेळेत. आठ वर्षं थांबलोय या मोसमासाठी, त्यातली चार लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या श्रेणीत गेली.

ऑफसाइड:
मग विसावा लिहा. चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत, चौथे आलात, ७६ गुण. तुमच्यासोबत वर आलेले लीड्स आणि बर्नली शंभर-शंभर गुण घेऊन आलेत. शिवाय तुमचा जोब बेलिंगहॅम डॉर्टमुंडला गेला, वॉटसन ब्रायटनला.

पूर्वस्टँड:
चौथे आले म्हणून विसावे? नॉटिंगहॅम फॉरेस्टही २०२२ मध्ये चौथे येऊन प्ले-ऑफमधूनच चढले. वीसहून जास्त खेळाडू घेतले, ३८ गुणांवर टिकले, आणि यंदा युरोपात खेळतायत. संडरलँडनेही हात आखडता घेतलेला नाही. ग्रॅनिट झाका आलाय! लेव्हरकुसेन एकही सामना न हरता जर्मनीची बुंडेसलिगा जिंकले तेव्हा मधली फळी तोच चालवत होता.

ऑफसाइड:
पैसे ओतून टिकता येत असतं तर गेल्या मोसमात वर आलेले इप्सविच टिकले असते. दहा कोटी पौंडांच्या वर खर्च आणि २२ गुण.

पूर्वस्टँड:
इप्सविचने बरेचसे खेळाडू चॅम्पियनशिपमधूनच उचलले होते. जॅक क्लार्क तर संडरलँडचाच. दोन्ही खरेद्या एका मापाने मोजू नका.

गोलपोस्ट:
स्वस्तात बचाव हवा असेल तर बर्नलीचा गोलरक्षक घ्या. ४६ सामन्यांत फक्त १६ गोल खाल्लेत.

लालपांढरेपट्टे:
अहो, खेळाडू निवडून गुण मिळवायच्या फॅन्टसी खेळाचं नाही विचारलं मी!

मधलीफळी:
आणि ते गोल अडवणारा ट्रॅफर्ड मँचेस्टर सिटीला परत गेलाय.
लालपांढरे, नेमका क्रमांक लागतो की फक्त खाली जाणारे तीन ओळखायचे?

लालपांढरेपट्टे:
नेमका क्रमांक. जितक्या जागा चुकल्या तितके गुण वजा. खाली जाणारा बरोबर निघाला तर जादा पाच.

मधलीफळी:
हे आधी सांगायचं ना. मग पंधराव्याचा हट्ट सोडा. गेल्या मोसमात अठरावे लेस्टर २५ गुणांवर गेले, त्याआधी लूटन २६ वर. म्हणजे दोन्ही वेळा २७ गुण पुरले असते. टिकायला ४० गुण लागतात म्हणतात, तेवढे गाठायची गरज नाही, तीन क्लब मागे असले की झालं. मला भीती डिसेंबरची वाटते. २१ डिसेंबर ते १८ जानेवारी आफ्रिका कप, म्हणजे आफ्रिकी देशांची स्पर्धा आहे. तुमचे दियारा, सादिकी, तालबी, अदिंग्रा, रेनिल्दो, एवढे एकदम गेले तर संघ कुणाचा? ख्रिसमसपर्यंत वीसेक गुण खिशात हवेत.

जुनाप्रेक्षक:
४० गुणांचं म्हणाल तर २००३ मध्ये वेस्ट हॅम ४२ गुण घेऊनही खाली गेले होते. त्याच मोसमात संडरलँड १९ गुणांवर खाली गेले. आणि २००५-०६ ला १५ गुणांवर.

लालपांढरेपट्टे:
दोन्ही मोसम शेवटच्या सामन्यापर्यंत पाहिलेत. म्हणून तर हात थरथरतो. आफ्रिका कपचं ध्यानातच नव्हतं. सतरावा लिहिलाय. त्यामुळे एक वर आलेला खाली सरकवावा लागेल. अठराव्याला लीड्स की बर्नली?

पूर्वस्टँड:
बर्नली.

ऑफसाइड:
लीड्स. आणि संडरलँडबद्दल माझं मत तेच आहे.

गोलपोस्ट:
लीड्सचा गोलरक्षक कोण आहे सध्या?