मदत हवी आहे: वाटलेले पाण्याचे फिल्टर कोणी वापरेना

बालाघाटकर
वस्तीवर ६० फिल्टर वाटून वर्ष झालं. परवा घरोघर फिरलो तर वापरात फक्त ९. एका घरी त्यात तुरीची डाळ भरलेली, एका घरी अंडी. जुलाब, कावीळ, सगळं चार बैठका घेऊन सांगून झालंय. पुढच्या आठवड्यात देणगीदार बघायला येतायत. झटपट उपाय सांगा. कृपया 'प्रबोधन करा' म्हणू नका.

मन्याडकाठी
फिल्टर कसले? पाणी विहिरीचं, बोअरचं की टँकरचं? धाग्यात काहीच नाही.

बालाघाटकर
साधेच हो, स्टीलचे, आत पाणी गाळणाऱ्या चिनी मातीच्या दोन कँडल असतात तसले. एरवी विहीर, सध्या टँकर. पाण्याचा काय संबंध?

निवृत्त_अभियंता
कँडल म्हणजे पैसे पाण्यात. आपल्याकडचं पाणी जड. आरओशिवाय पर्याय नाही. गावात एक प्लांट टाका आणि २० लिटरचे जार द्या.

मन्याडकाठी
टँकरच्या गावात आरओ? लिटरभर पाण्यासाठी दोन-तीन लिटर मोरीत जातं. आणि जुलाब जंतूंनी होतात, टीडीएसनं, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांनी नाही. बोअरला फ्लोराइड असेल तर गोष्ट वेगळी, आमच्या नांदेड जिल्ह्यात काही गावांत आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं तर ते पाणी प्यायचंच नाही, आणि कँडल त्याला काही करत नाही. आधी पाणी तपासा.

निवृत्त_अभियंता
माझ्या घरी बारा वर्षं आरओ आहे. एकदाही कोणी आजारी नाही.

मन्याडकाठी
तुमच्या घरी लाईट पण असेल.

लातूरचा_नाना
२०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा फिल्टर कोण विचारत होतं? घागर भरली की दिवाळी. आता लोक तेही विसरले, पुन्हा ऊस तो ऊसच.

आशा_धारूर
भाऊ, वस्तीवरले लोक कारखान्यावर जातेत का?

बालाघाटकर
हो, निम्म्याच्या वर कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला जातात. दिवाळीला गेले, एप्रिलात आले. पण त्याचं इथं काय?

आशा_धारूर
अहो, हेच आधी सांगायचं ना! घर सहा महिने कुलूपबंद, कँडल आत ओलीच. आल्यावर वास मारते, कँडलखालचं रबरी वायसर कडक होऊन खालून गळतं. त्यात आल्या आल्या टँकरचं गढूळ पाणी. नवी कँडल तासाला लिटर-दोन लिटर देते. चिकटली की सकाळपर्यंत तांब्याभर. घरात सहा माणसं, बाई रोजानं जाणार, ती वाट बघत बसंल का? वरून स्टीलमधलं पाणी कोमट, माठातलं गार.
आम्ही रात्री तुरटी फिरवून ठेवायला लावलं, सकाळी वरचं निवळ तेवढंच फिल्टरात. कँडल आठवड्याला मऊ घासणीनं धुवायची, साबण नाही. तडा गेली की फेकायची. गाळलेलं माठात ओततातच, त्याला ना नाही म्हटलं, पण माठाला तोटी, नाहीतर ओगराळं. हात बुडवून तांब्या भरला की गाळलेलं वाया. कँडल न् वायसर गावच्या किराणा दुकानात ठेवले, नाहीतर बारा रुपयांच्या वायसरसाठी तालुक्याला कोण जातंय? कोयत्याला निघताना कँडल काढून उन्हात वाळवून कागदात गुंडाळायची.
तरी सगळीकडं चालू नाहीत. माझ्या जावेच्या घरीच नाही.

टीसीएलवाला
एवढं कशाला? विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर नीट टाका.

आशा_धारूर
टाकतोच. पावसाळ्यात बघा, टाकलेली पुरती का ते. आणि वास आला की बायका पाणी वतून देतात.

बालाघाटकर
ठीक आहे. पण एका आठवड्यात तोटीचे माठ कुठून आणू? देणगीदारांना काय दाखवू?

आशा_धारूर
डाळीचा डबा दाखवा. म्हणा, कँडलचे पैसे धरलेच नव्हते.

पुणेरी_पाणी
कोथरूडला दोन बीएचके फ्लॅटसाठी कोणता आरओ बरा?

निवृत्त_अभियंता
व्यनि (खासगी निरोप) केला आहे.